शेक्सपिअरच्या नावावरचे शब्द : एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात २३ एप्रिलला लावायच्या छोट्या प्रदर्शनाचे काम आज हाती घेतले. विल्यम शेक्सपिअरने इंग्रजीला दिलेले आणि आजही रोजच्या बोलण्यात असलेले शब्द हा विषय ठरला आहे. प्रदर्शन मुख्यतः अकरावी-बारावीच्या मुलांसाठी असल्यामुळे तक्त्यांवरचा सगळा मजकूर मराठीत राहील आणि निवड करताना 'मॅनेजर', 'लगेज', 'अ‍ॅडिक्शन', 'अकॉमोडेशन' असे जे शब्द मराठी घरांतही सर्रास कानांवर पडतात, त्यांना आधी जागा मिळेल.

फोनवर सतत फिरणारी एक यादी सुरुवातीला समोर घेतली आहे. शेक्सपिअरने १,७०० शब्द 'निर्माण केले' असे तिच्या डोक्यावर लिहिलेले असते आणि खाली नाटकाचे नाव, अंक, प्रवेश यांपैकी काहीही नसते. आपल्या तक्त्यावर मात्र प्रत्येक शब्दासोबत नाटक, अंक, प्रवेश, छपाईचे पहिले वर्ष आणि त्या जागी असलेला अर्थ एवढ्या गोष्टी असल्याच पाहिजेत, आणि त्याआधीचा छापील पुरावा सापडत असेल तर तोही लपवायचा नाही, असे ठरवले.

वर्षांच्या बाबतीत एक खुलासा पहिल्याच तक्त्यावर द्यावा लागेल. शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्याचे दोन सहकारी नट, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल, यांनी त्याची ३६ नाटके एकत्र करून १६२३ मध्ये जो मोठा ग्रंथ छापून घेतला, त्याला पहिला फोलिओ म्हणतात. त्यातली निम्मी नाटके तोपर्यंत कधीच छापली गेली नव्हती. 'मॅक्बेथ' साधारण १६०६ च्या सुमाराचे धरतात, परंतु त्याचा छापील मजकूर १६२३ चा आहे. लेखन, प्रयोग आणि छपाई यांच्यामध्ये असा सतरा-सतरा वर्षांचा काळ पडलेला असताना 'हा शब्द पहिल्यांदा कोणी वापरला' या प्रश्नाला एका वर्षाचे उत्तर देणे मुळातच अवघड आहे.

८ फेब्रुवारी

यादीचा उगम शोधण्यात आजचा दिवस गेला. शेक्सपिअरच्या नावावरचे बहुतेक शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातून आलेले आहेत. या कोशात प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने अवतरणे दिलेली असतात आणि त्यांतले पहिले अवतरण म्हणजे कोशकारांच्या हाती लागलेला सर्वांत जुना वापर. 'हाती लागलेला' हे दोन शब्द गळून पडले की पहिल्या अवतरणाचा लेखक हाच शब्दाचा जनक ठरतो, आणि फोनवरच्या यादीत नेमके तेच झाले आहे.

हा कोश कसा तयार झाला हे पाहिले की शेक्सपिअरचे पारडे इतके जड का, याचे कारण बऱ्याच अंशी कळते. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये त्याची कल्पना मांडली गेली, १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादन हाती घेतले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. अवतरणे गोळा करणारे लोक पगारी नव्हते. घरोघरचे स्वयंसेवक पुस्तके वाचत, लक्षात राहण्याजोगा शब्द दिसला की तो वाक्यासह चिठ्ठीवर उतरवत आणि मरे यांच्याकडे पाठवत. आता असा वाचक कोणते पुस्तक हाती घेणार? शेक्सपिअर घरात होताच. शिवाय मेरी काउडन क्लार्क यांची शब्दसूची १८४५ पर्यंत पूर्ण झाली होती आणि अलेक्झांडर श्मिट यांचा शेक्सपिअर-कोश १८७० च्या दशकात आला होता, त्यामुळे त्याचा एकेक शब्द नाटकाच्या पत्त्यासह तयार मिळत होता. त्याच्या समकालीन पत्रककारांना, पाद्र्यांना आणि अनुवादकांना ही सोय नव्हती. कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत शेक्सपिअरची ३३ हजारांहून अधिक अवतरणे आहेत, ती याच व्यवस्थेतून आली.

युर्गेन शेफर या जर्मन अभ्यासकाने १९८० मध्ये या गोष्टीची रीतसर तपासणी केली. त्याने शेक्सपिअर आणि त्याचा समकालीन गद्यलेखक टॉमस नॅश यांना शेजारी ठेवले आणि कोशाच्या वाचकांनी शेक्सपिअर जितका बारकाईने वाचला तितका नॅश वाचला नव्हता, हे दाखवून दिले. तेव्हापासून पहिल्या अवतरणांचा हिशेब उतरतोच आहे. पूर्वी शेक्सपिअरच्या नावावर अशी सुमारे दोन हजार अवतरणे होती. कोशाची नवी आवृत्ती तयार होऊ लागल्यावर तो आकडा दीड हजाराच्या आसपास आला आहे आणि तो आणखी खाली येईल.

११ फेब्रुवारी

जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांपैकी सुमारे २५ हजारांचा अक्षरबद्ध मजकूर जानेवारी २०१५ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे, आणि मरे यांच्या स्वयंसेवकांना जे शक्य नव्हते ते त्यामुळे ग्रंथालयातल्या साध्या संगणकावर शक्य होते. अडचण आहे ती वर्णलेखनाची. त्या काळी 'यू' आणि 'व्ही', 'आय' आणि 'जे' यांची अदलाबदल होई, शेवटी जादा 'ई' लागे आणि ओळ बसवण्यासाठी जुळारी अक्षरे कमी-जास्त करी, त्यामुळे एकच शब्द निरनिराळ्या रूपांनी शोधावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'अ‍ॅलिगेटर'. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पाचव्या अंकात रोमिओ विष विकत घेण्यासाठी ज्या गरीब औषधवाल्याकडे जातो, त्याच्या दुकानात कासव टांगलेले असते आणि शेजारी पेंढा भरलेली सुसर असते. १५९७ च्या पहिल्या छपाईत त्या प्राण्याचे नाव 'अलिगार्टा' आहे आणि १५९९ च्या दुसऱ्या छपाईत ते 'अ‍ॅलेगेटर' झाले आहे. मूळ स्पॅनिश 'एल लगार्तो', म्हणजे 'तो सरडा'; स्पॅनिश उपपद शब्दाला चिकटले आणि इंग्रज खलाशांच्या तोंडी घोळत गेले. दोन वर्षांच्या अंतराने छापलेल्या एकाच नाटकाच्या दोन प्रतींत या प्रवासाचे दोन टप्पे दिसतात. हा शब्द शेक्सपिअरने घडवलेला नाही हे उघड आहे, तरीही तक्ता ठेवायचा, कारण शब्द आकार घेत असताना पकडला गेल्याचे असे चित्र सहसा मिळत नाही.

'बँडिट'ची गोष्ट थोडक्यात आटोपते. 'सहावा हेन्री' भाग दुसरा यात फोलिओने छापलेला शब्द 'बँडेटो' असा आहे, सरळ इटालियन वळणाचा, आणि १५९४ मध्ये छापलेल्या नॅशच्या गद्यकथेतला एक दरोडेखोरही 'बँडेटो'च आहे. हा शब्द यादीतून काढला.

'अ‍ॅडिक्शन' मात्र काढणार नाही. 'पाचवा हेन्री'च्या पहिल्याच प्रवेशात कँटरबरीचा आर्चबिशप तरुण राजाच्या पूर्वायुष्याबद्दल बोलताना त्याचे 'अ‍ॅडिक्शन' पोकळ गोष्टींकडे होते असे म्हणतो. तिथे अर्थ फक्त ओढा, कल असा आहे. 'ऑथेल्लो'त विजयाचा आनंद साजरा करण्याची दवंडी पिटली जाते तेव्हा ज्याने त्याने आपापल्या 'अ‍ॅडिक्शन'प्रमाणे करमणूक करावी असे सांगितले जाते, म्हणजे आवडीप्रमाणे. व्यसन, औषधे, उपचार यांचा तिथे मागमूस नाही. शब्दही आधीचा आहे. १५३० च्या दशकातल्या धर्मविषयक वादांच्या पुस्तकांत तो येतो आणि तिथे एखाद्या मताला किंवा देवाला स्वतःला वाहून घेणे असा त्याचा रोख असतो. या तक्त्यावर शब्दापेक्षा अर्थाचा प्रवास मोठ्या अक्षरांत द्यावा.

१९ फेब्रुवारी

'स्वॅगर', म्हणजे ऐटीत, दांडगाई करत मिरवणे, या शब्दावर ठरवल्यापेक्षा जास्त वेळ गेला, पण त्याने प्रदर्शनाची दिशा बदलली.

कोशाच्या हिशेबाने या क्रियापदाचा सर्वांत जुना वापर 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला आहे. रानात नाटकाची तालीम करणारे विणकर-सुतार पाहून पक हा खोडकर यक्ष विचारतो की, हे जाडेभरडे कपडे घातलेले गावठी लोक इथे काय 'स्वॅगर' करत आहेत. यादी इथेच थांबते. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांतच लिहिलेल्या 'चौथा हेन्री' भाग दुसरा या नाटकात खानावळ चालवणारी मिस्ट्रेस क्विकली या शब्दावरून अख्खा गोंधळ घालते. पिस्तल नावाचा दांडगट इसम खाली आला आहे हे कळल्यावर ती ओरडत सुटते की, तो 'स्वॅगर' करणार असेल तर त्याने इथे येऊ नये, मला माझ्या शेजाऱ्यांत राहायचे आहे, मला 'स्वॅगरर' लोक नकोत, माझे चांगल्या लोकांत नाव आहे. थोडक्या ओळींत हा शब्द इतक्या वेळा येतो की प्रेक्षकांना तो ऐकूनच हसू यावे अशी रचना दिसते. वस्तीतल्या सभ्यपणाची फार काळजी असलेल्या बाईच्या तोंडी तो घातला आहे, म्हणजे तो कोणत्या लोकांबद्दल वापरतात हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असले पाहिजे. अगदी कोऱ्या शब्दावर असा विनोद उभा राहत नाही.

याला बाहेरून दुजोराही मिळतो. होमरचा अनुवादक जॉर्ज चॅपमन याने १५९८ मध्ये छापलेल्या मजकुरात 'स्वॅगरर' हा लोकांमध्ये आलेला नवा शब्द आहे, त्याला धड व्युत्पत्ती नाही, तरी रूढीने त्याला परवाना मिळाला आहे, असे स्पष्ट नोंदवले आहे. त्याच काळात लंडनमध्ये राहणारा आणि भाषेकडे बारीक लक्ष असणारा माणूस हा शब्द 'लोकांमध्ये' आला असे म्हणतो, अमुक नाटककाराने आणला असे म्हणत नाही. माझ्या मते ही साक्ष कोशातल्या पहिल्या अवतरणापेक्षा वजनदार आहे.

म्हणजे इथे शेक्सपिअर शब्द घडवत नसून रस्त्यावरचा ताजा शब्द उचलून, तो कोणाच्या तोंडी शोभेल हे ओळखून, रंगमंचावर आणत आहे. त्यामुळे तक्त्यांची मांडणी वर्णानुक्रमाने न करता दोन गटांत करायची, असे सहकाऱ्यांशी बोलून ठरवले: त्याने ऐकलेले शब्द आणि त्याने जोडलेले शब्द. ग्रंथपाल बाईंची शंका रास्त होती. त्या म्हणाल्या, "सर, मुलं 'त्याने निर्माण केलेले शब्द' पाहायला येणार आणि आपण निम्मे शब्द त्याचे नाहीतच म्हणून सांगणार, मग त्यांची निराशा नाही का होणार?" मला तसे वाटत नाही. ज्या पुराव्यावरून शब्द काढून घेतला जातो तो पुरावा, म्हणजे मिस्ट्रेस क्विकलीचा आरडाओरडा, कोऱ्या यादीपेक्षा कितीतरी रंजक आहे.

२७ फेब्रुवारी

आज मराठी भाषा गौरव दिन असल्यामुळे ग्रंथालयात कार्यक्रम होता आणि काम थोडेच झाले. ज्यांच्या जन्मदिनी हा दिवस साजरा होतो त्या वि. वा. शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' हा मराठी अवतार १९५४ मध्ये केला होता, तेव्हा 'मॅक्बेथ'चा तक्ता आजच लिहून टाकणे योग्य वाटले.

राजा डंकनच्या खुनानंतर मॅक्बेथ स्वतःच्या हातांकडे पाहून म्हणतो की, हे रक्त समुद्राच्या पाण्यानेही जाणार नाही, उलट हा हातच अफाट समुद्रांना 'इन्कार्नाडिन' करील. हा शब्द इंग्रजीत आधी विशेषण म्हणून होता. मुळात 'मांस' या अर्थाच्या इटालियन शब्दापासून आलेला, आणि त्याचा अर्थ गुलाबीसर, देहाच्या रंगाचा असा होता. त्याचे क्रियापद पहिल्यांदा इथे दिसते, आणि या ओळीमुळे तो रंग इंग्रजीत कायमचा रक्तासारखा लाल झाला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची ओळ. 'मल्टिट्यूडिनस' आणि 'इन्कार्नाडिन' असे दोन लांबलचक लॅटिन वळणाचे शब्द एका ओळीत टाकल्यावर शेक्सपिअर लगेच छोट्या, घरगुती इंग्रजी शब्दांत तोच अर्थ पुन्हा सांगतो: हिरव्याचे लाल करील. ग्लोब नाट्यगृहात एक पेनी देऊन उभ्याने नाटक पाहणाऱ्या माणसाला पहिली ओळ कळली नाही तरी दुसरी कळणारच. नवा शब्द टाकायचा आणि त्याचा अर्थ त्याच दमात पदरात घालायचा, ही त्याची रीत इतर नाटकांतही सापडते. 'जोडलेले शब्द' या गटाचा हा पहिला तक्ता होईल.

६ मार्च

'अकॉमोडेशन'. लॉजच्या पाट्यांवर आणि परीक्षाकेंद्रांच्या सूचनांत हा शब्द मुलांनी पाहिलेला असतो, म्हणून तो यादीत होता. 'मेझर फॉर मेझर' आणि 'ऑथेल्लो' या दोन्हींत तो येतो आणि त्याचे श्रेय शेक्सपिअरला देण्याची प्रथा आहे. परंतु 'चौथा हेन्री' भाग दुसरा उघडला की तिथे त्याच कुळातल्या 'अकॉमोडेटेड' या शब्दाची जी टर उडवली आहे ती वाचून हसू आवरत नाही.

तिसऱ्या अंकात फॉल्स्टाफ हा लठ्ठ, बढाईखोर सरदार गावात सैन्यभरती करायला येतो, आणि त्याच्या आधी त्याचा चाकर बार्डोल्फ म्हाताऱ्या न्यायाधीश शॅलोकडे पोहोचतो. शॅलो फॉल्स्टाफच्या बायकोची चौकशी करतो, तेव्हा बार्डोल्फ ऐटीत सांगतो की, सैनिक माणूस बायकोपेक्षा अधिक चांगला 'अकॉमोडेटेड' असतो. शॅलोला हा शब्द फारच आवडतो. तो त्याचे लॅटिन मूळ सांगतो, चांगले शब्दप्रयोग नेहमीच वाखाणण्याजोगे असतात असे म्हणतो आणि पुन्हापुन्हा वाहवा करतो. बार्डोल्फला वाटते की आपल्याला अर्थ विचारला जातो आहे. हा शब्द सैनिकाला शोभणारा आहे याबद्दल आपण तलवार उपसायलाही तयार आहोत असे तो बजावतो आणि मग व्याख्या करायला घेतो: 'अकॉमोडेटेड' म्हणजे जेव्हा माणूस, ज्याला म्हणतात ना तसा, 'अकॉमोडेटेड' असतो, किंवा जेव्हा माणूस अशा स्थितीत असतो की ज्यामुळे तो 'अकॉमोडेटेड' आहे असे समजता यावे, आणि ही फार उत्तम गोष्ट आहे.

नव्या, वजनदार शब्दाचा अर्थ न कळता तो मिरवणारा माणूस, आणि तो ऐकूनच भारावून जाणारा दुसरा माणूस, असे दोघेही इथे एका दमात उभे केले आहेत. नाटककार ज्या शब्दाला हसतो आहे तो त्याच्या अवतीभवती फॅशनमध्ये आलेला असणार. समकालीन नाटककार बेन जॉन्सन यानेही आपल्या टिपणांत 'अकॉमोडेशन'ची गणना काळाच्या 'अत्तर लावलेल्या' शब्दांत केली आहे. शेक्सपिअरने आधी 'अकॉमोडेटेड'वर विनोद केला आणि काही वर्षांनी 'ऑथेल्लो'त 'अकॉमोडेशन' गंभीरपणे वापरला, कारण तोवर कानाला त्याची सवय झाली असावी. 'ऑथेल्लो'च्या त्याच ओळीत 'अकॉमोडेशन'ला जोडूनच 'बिसॉर्ट' असा, इतमामाला साजेशी सोबत या अर्थाचा, एक शब्द आहे, आणि तो मात्र भाषेत टिकला नाही. एका ओळीतल्या दोन शेजाऱ्यांपैकी एक लॉजच्या पाटीपर्यंत आला आणि दुसरा फक्त टीपांत उरला.

हा संवाद मराठीत उतरवून तक्त्याऐवजी मोठ्या कागदावर लावायचा. कोणी दोन मुले उद्‌घाटनाच्या दिवशी तो वाचून दाखवायला तयार असतील तर उत्तमच.

१४ मार्च

'जोडलेले शब्द' या गटाचे काम आज बरेच पुढे गेले. इथे शेक्सपिअर खरोखर कारागीर दिसतो, आणि त्याची हत्यारे फार साधी आहेत.

पहिले हत्यार म्हणजे नामाचे क्रियापद करणे. इंग्रजीने विभक्तीचे बहुतेक प्रत्यय तोपर्यंत टाकून दिले होते, त्यामुळे 'एल्बो' म्हणजे कोपर हा शब्द काहीही न बदलता क्रियापदाच्या जागी बसवता येत होता. 'किंग लिअर'च्या १६०८ च्या छपाईत लिअरची शरम त्याला 'एल्बो' करते, म्हणजे कोपराने मागे ढकलते. मराठीत 'हात'वरून 'हाताळणे' आणि 'लाथ'वरून 'लाथाडणे' होते, पण तिथे शब्दाला काहीतरी जोडावे लागते. इंग्रजीत नुसती जागा बदलली की भागते. 'दुसरा रिचर्ड'मध्ये यॉर्कचा ड्यूक बंडखोर पुतण्याला 'अंकल मी नो अंकल' असे फटकारतो, म्हणजे मला काका-काका करू नकोस. तिथे नातेच क्रियापद झाले आहे. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'त आपल्या टाचांमागे स्पॅनियल कुत्र्यासारखे फिरणाऱ्या लोकांबद्दल अँटनी बोलतो आणि 'स्पॅनियल' हे क्रियापद तिथे प्रसिद्ध आहे. गंमत अशी की फोलिओत छापलेला शब्द 'पॅनेल्ड' आहे. 'स्पॅनियल्ड' ही अठराव्या शतकात टॉमस हॅनमर या संपादकाने केलेली दुरुस्ती आहे. ती जवळजवळ सर्वांनी मानली आणि मलाही ती पटते, तरीही तक्त्यावर हे लिहायलाच हवे.

दुसरे हत्यार म्हणजे 'अन' हा उपसर्ग. लेडी मॅक्बेथचे 'अन्सेक्स मी', म्हणजे माझे बाईपण काढून घ्या, सर्वांना माहीत आहे. मी मुलांसमोर 'दुसरा रिचर्ड' ठेवणार आहे, कारण तिथे हा उपसर्ग नाटकाच्या विषयातच मुरलेला आहे. राजाला गादीवरून उतरवणे, म्हणजे जे विधिपूर्वक केले ते उलटे करणे, हा त्या नाटकाचा गाभा. मरायला टेकलेला रिचर्डचा काका गाँट म्हणतो की, माझे जिवंतपणीचे सल्ले रिचर्डने ऐकले नाहीत, माझ्या मरणाची करुण कहाणी तरी त्याचा कान 'अन्डेफ' करील, म्हणजे त्याचे बहिरेपण काढून घेईल. राणीचा निरोप घेताना रिचर्डला आपल्या दोघांमधली शपथ 'अन्किस' करायची आहे, आणि लगेच तो थबकतो, कारण ती शपथ चुंबनानेच झालेली होती. राज्यत्यागाच्या प्रवेशात तो स्वतःला 'अन्किंग्ड रिचर्ड' म्हणवून घेतो. हा प्रवेश नाटकाच्या १५९७ च्या छपाईत नव्हता. तो पहिल्यांदा छापला गेला १६०८ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या मृत्यूनंतर. यांतला एकही शब्द आज रोजच्या वापरात नाही, मग ते इथे कशाला, असा प्रश्न सहकाऱ्यांनी केला. 'अन्डू', 'अन्लॉक' यांवर बोट ठेवणाऱ्या मुलांना त्या उपसर्गाची खरी ताकद इथे दिसेल, म्हणून ते ठेवावेत असा माझा आग्रह आहे.

२१ मार्च

'मॅनेजर' आणि 'लगेज' यांचे तक्ते पूर्ण झाले. 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मधला आर्माडो हा फुशारक्या मारणारा स्पॅनिश सरदार प्रेमात पडतो आणि आपल्या तलवारीचा व नगाऱ्याचा निरोप घेताना 'तुमचा मॅनेजर प्रेमात पडला आहे' असे त्यांना सांगतो. बँकेतल्या मॅनेजरशी या मॅनेजरचा संबंध हाताळण्यापुरता आहे. मूळ इटालियन शब्द घोडे शिकवून ताब्यात ठेवण्याचा होता आणि शेक्सपिअरच्याच 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये घोड्यांना 'मॅनेज' शिकवले जाते.

'लगेज' ओढण्याच्या क्रियापदावरून आलेला शब्द आहे. 'चौथा हेन्री' भाग पहिला याच्या शेवटी युवराज फॉल्स्टाफला आपले 'लगेज' मोठ्या दिमाखात पाठीवर घ्यायला सांगतो. ते लगेज म्हणजे हॉटस्पर या बंडखोर सरदाराचे प्रेत, ज्याला आपणच मारले असा फॉल्स्टाफचा दावा असतो. रेल्वेच्या फलाटावर ही ओळ आठवली तर हमालाला सांगू नये.

२९ मार्च

शब्दसंख्येच्या दाव्याला एक छोटा तक्ता द्यावा लागेल, कारण 'शेक्सपिअरला सर्वांत जास्त शब्द येत' हे वाक्य पाहुण्यांच्या तोंडी हमखास येणार. मार्विन स्पेवॅक यांनी संगणकाच्या साह्याने केलेल्या मोजणीत शेक्सपिअरच्या सर्व लेखनात ८,८४,६४७ शब्द आणि त्यांत २९,०६६ वेगवेगळी रूपे भरली. एकाच शब्दाची एकवचन, अनेकवचन, भूतकाळ अशी रूपे एकत्र केली की आकडा वीस हजारांच्या जवळ येतो. परंतु ज्याचे लेखन जास्त टिकले त्याचे वेगळे शब्दही जास्त भरणार. ह्यू क्रेग या ऑस्ट्रेलियातील अभ्यासकाने २०११ मध्ये त्या काळच्या नाटककारांचे सारख्या लांबीचे मजकूर घेऊन तुलना केली, तेव्हा शेक्सपिअर मधल्या फळीत आढळला. एवढेच लिहायचे, भाष्य नको.

५ एप्रिल

न जगलेल्या शब्दांचा तक्ता आज तयार झाला आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'च्या पहिल्या अंकातल्या राजसभेत अ‍ॅगॅमेम्नॉन आणि युलिसिस यांच्या लांब भाषणांत 'टॉर्टिव्ह' (वेडावाकडा), 'प्रोट्रॅक्टिव्ह' (लांबवणारा) आणि 'इन्सिस्चर' असे शब्द एका पाठोपाठ येतात. शेवटच्याचा अर्थ काय यावर संपादकांचे आजही एकमत नाही. 'ऑथेल्लो'त 'एक्सफ्लिकेट' आहे, म्हणजे बहुधा फुगवलेले, पोकळ. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'त 'इम्मोमेंट' आहे, म्हणजे क्षुल्लक. आणि 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल'मध्ये घरी बसून बायकोला कवटाळणाऱ्या पुरुषाची टिंगल करताना 'किकी-विकी' हा शब्द येतो. बहुतेक मेलेले शब्द सभेतल्या भारदस्त भाषणांतले आहेत, आणि तिथे तो मुद्दाम अवजड बोलवतो की काय, अशी शंका मला येते.

याच तक्त्याच्या कोपऱ्यात 'इमोजेन' हे नाव टाकले. 'सिम्बेलीन'ची नायिका फोलिओत इमोजेन आहे, परंतु १६११ मध्ये तो प्रयोग पाहिलेल्या सायमन फॉरमनने तिचे नाव 'इनोजेन' लिहिले आहे आणि जुन्या बखरींतही तेच आहे. जुळाऱ्याने दोन 'एन' एकत्र वाचून 'एम' लावला असावा. इंग्लंडात मुलींना आजही हे नाव ठेवतात.

१२ एप्रिल

तक्ते उद्या छपाईला जातील. शीर्षकातून 'निर्माण केलेले' हा शब्द काढून 'शेक्सपिअरच्या नावावरचे शब्द' असे केले आहे. ग्रंथपाल बाईंनी ते वाचून मान डोलावली.

शेवटच्या भिंतीवर एक जागा रिकामी होती, तिथे शेक्सपिअरऐवजी बेन जॉन्सन बसवला. १६०१ मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात बालनटांच्या मंडळीने केलेल्या त्याच्या 'पोएटॅस्टर' या नाटकात क्रिस्पिनस नावाच्या कवीला औषधी गोळ्या देतात आणि तो आपल्या लेखनातले बोजड शब्द एकेक करून पातेल्यात ओकतो. हा चिमटा जॉन मार्स्टन या समकालीन नाटककाराला होता. भोवती उभे असलेले लोक प्रत्येक शब्द बाहेर पडला की त्याचे नाव पुकारतात. त्यातले 'ऑब्स्टुपेफॅक्ट', 'टर्जिडस' आणि 'प्रोरंप्ड' खरोखरच कायमचे बाहेर गेले. पण त्याच पातेल्यात 'रेसिप्रोकल', 'डिफंक्ट', 'स्ट्रेन्युअस', 'क्लम्झी' आणि 'कॉन्शस'ही पडले होते. आपल्या काळातला अत्यंत जाणकार लेखक कोणते शब्द जगणार नाहीत याचा अंदाज बांधत होता, आणि त्यांपैकी निदान पाच शब्द बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात सहज सापडतील.

तक्त्यावर पातेल्याचे चित्र काढायचे ठरले आहे. जगलेले शब्द लाल शाईत आणि मेलेले करड्या शाईत छापायचे असून शाईच्या रंगांची सूचना छापखान्याला वेगळ्या कागदावर लिहून दिली आहे.